गायकी

तंबूतल्या टॉकीजनं जत्रेत शिकवलं होतं आम्हाला
अमेरिकन माणूस कसा असते ते:
कमरेला पिस्तूल, ओठात विझलेली काडी,
टोपीच्या सावलीत अर्धं तोंड,
आणि बोलायच्या आधी थुंकते.
पडदा फाटला होता डाव्या कोपऱ्यात,
सगळे घोडे त्या भोकातून
कारंज्याच्या रस्त्याला लागायचे.

म्हणून गवळाऊ गाई मोजायला
एक अमेरिकन येऊन राहिला म्हटल्यावर
सकाळपासून रपट्यावर बसलो आम्ही.
खंगारांच्या दिन्यानं तर वेसणीच्या दोराचा
फास करून आणला,
"दाखवू त्याले, आपल्यालेही येते."

जीपमधून उतरला तो ओल्सन.
चष्मा, कापडी बूट, सोललेलं नाक,
हातात शिंप्याकडे असतो तसला टेप.
घोडा नाही. पिस्तुलाच्या जागी पेनं, तीन.
बाप दातांचा डॉक्टर म्हणे.
पहिलीच कालवड फुरफुरली
तर हा जीपच्या बॉनेटवर.
"हा कायचा अमेरिकन," गोदी म्हणाली,
"याच्याहून तं आर्वी गाडीचा कंडक्टर बरा."

दुसऱ्या दिवशी उमरे मास्तरांनी फळ्यावर फोड केली:
काऊ म्हणजे गाय.
बॉय म्हणजे पोऱ्या.
काऊबॉय म्हणजे...
खडू थांबला.
"म्हणजे आपला गायकीच की रे."

अख्खी शाळा हसली.
सुकडू नेवाऱ्याचा नातू मागच्या ओळीत होता.
त्यानं पाटीवरचं पुसलेलंच पुन्हा पुसलं.

गायकी आम्हाला माहीत होता ना.
दिवस उगवायच्या आधी आखरावर उभा,
गावाची दीडशे ढोरं ज्याच्या एका हाळीवर,
आणि ज्याची भाकर आई
हात लांब करून द्यायची.
दारात आला की बाबा विचारत,
गाय फळली का?
तू जेवला का, असं नाही.

पण त्याच्याशिवाय एकही शिंग मोजता येईना.
टेप पाहिला की गाई बुजायच्या.
मग सुकडू टाळूला जीभ लावून
टक् करायचा, म्हणायचा, "उभी राय वं मोगरे,"
आणि मोगरी उभी राहायची
फोटोतल्यासारखी.
अकरा दिवस.
ओल्सननं आपली घडीची खुर्ची
दर दुपारी त्याच्यासाठी मांडली पळसाखाली.
सुकडू बसला नाही कधी.
काठी ठेवायचा खुर्चीवर,
स्वतः मातीत.

एकदा त्यानं मास्तरांना म्हटलं, "इचारा याले,
यायच्या गावात ढोरं कोन चारते?"
ओल्सन बराच वेळ टेप गुंडाळत राहिला.
मग म्हणाला, आमच्याकडे गोठ्यातच असतात.
कानात नंबर असतो.
"मंग हाक कशी मारते?"
हे मास्तरांनी इंग्रजीत केलं नाही.

जायच्या दिवशी फोटो.
आर्वीच्या बँडवाल्याकडून कुणीतरी
मोठ्या काठाची टोपी आणली,
ओल्सनच्या डोक्यावर ठेवली,
हातात दिन्याचा फास दिला.
तो नको नको म्हणाला,
घोड्यावर मी कधी बसलोच नाही म्हणाला,
मग पाहुण्यासारखा हसला आणि उभा राहिला.
ग्रामपंचायतीत अजून आहे तो.
येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात:
खरा काऊबॉय आला होता आमच्या गावात.
उजव्या कडेला एक काठी दिसते,
तिच्यावर एक हात, मनगटापर्यंत.
पुढचं फ्रेमवाल्यानं कापलं.

नाव मात्र सुकडूला चिकटलं.
पोरं मागून ओरडायची, "ओ काऊबॉय!"
तो वळून पाहायचा नाही,
एखादी गाय पाहायची.

परवा बाबांची जुनी वही सापडली.
सरकी, ढेप, मोटरचं बिल,
आणि एका पानावर त्यांच्या बारीक अक्षरात,
गमतीनंच लिहिलं असेल:
काऊबॉय, सालाची ज्वारी, दोन कुडव.
पुढं तारीख नाही.
बाकी, एवढंच.